पंख आई शिवत नाही

आलुए, २२ सप्टेंबर

क्लोरिंदा,

वर नुसतं नाव लिहिलंय, ते मुद्दाम. माझ्या लेकाच्या, आन्सेल्मोच्या, बाप्तिस्म्यात तू त्याची धर्माची आई झालीस, त्या दिवसापासून तू माझी कोमाद्रे. मग रिवाजाप्रमाणे आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणायला लागलो. एका बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या ओढलेल्या दोघी, आणि एकदम 'कोमाद्रे, बसा', 'कोमाद्रे, मातेचा कडू चहा घेता का?' आपल्यालाच हसू यायचं. ते 'तुम्ही' आज मी काढून घेतेय. कोमाद्रेही म्हणणार नाही.

एकोणीस वर्षांनी लिहितेय आणि तेही कागदावर, याचं नवल वाटेल तुला. फोनवर तू कोण असतेस ते मला कळत नाही, म्हणून कागद. पत्ता माझ्या भाचीने, प्रिसिलाने, शोधून दिला. सान आन्तोनियोच्या बंदरावर मासळी साफ करण्याच्या शेडमध्ये असतेस म्हणे. चला, दिवसातले आठ तास तरी खरं काम करतेस.

सरळ सांगते. तू यास्ना आहेस. यास्ना मार्दोनेस, वय एकतीस, मायतेची आई. ती तू आहेस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी ओळीने लिहिणार आहे. पोटात गेलेली घाण एकदा ओकून टाकावं तसं. दोन हिवाळ्यांमागे मी आणि प्रिसिलाने फोनवर तो गट काढला. नाव 'ओले पंख'. आपल्याकडे लहान मूल गेलं की त्याला पांढरे कपडे घालून, पंख लावून, फुलांमध्ये बसवतात आणि आईला बजावतात, रडू नकोस, आसवांनी पंख भिजले तर लेकरू वर कसं जाणार? मी नाही रडले. तू समोरच होतीस. तर म्हटलं, जिला रडायचंय तिला एक जागा असू दे. आज त्रेचाळीस बायका आहेत. म्हणजे बेचाळीस. त्रेचाळिसावी तू.

मागच्या नोव्हेंबरात यास्ना आली. लेक मायते दोन वर्षांची, दारातल्या पाण्याच्या टाकीत गेली. आईच्या कानात गाणी लावलेली, लेकीची हाक ऐकूच आली नाही. आणि बंदरावर निरोपाचं कडवं म्हणणारं कुणी मिळालं नाही, पोर निरोप न घेताच गेली. हे तू लिहिलंस! मी फोन हातात धरून अंगणात उभी राहिले. आत कढईत कांदा जळत होता, तेही मला कळलं नाही.

आन्सेल्मो गेल्यापासून मी गायले नव्हते. तुला माहीत आहे. डॉन ओनोफ्रे, ज्यांनी मला दहा ओळींचं कडवं बांधायला शिकवलं, ते दर वर्षी विचारायचे आणि दर वर्षी मी नाही म्हणायचे. तुझ्या त्या मायतेसाठी मी त्यांच्या दारात गेले. म्हाताऱ्याने पंचवीस तारांची गितारोन खाली काढली, अर्धा तास सूर लावत बसला. मी गायले. मेलेलं मूल जसं आईशी बोलतं तसं, मायतेच्या तोंडून, 'जाते आई, दार लोटून घे, ओसरीत ऊन येतंय' असं. प्रिसिलाने ते फोनमध्ये धरलं आणि तुला पाठवलं. तू लिहिलंस, 'आता ती गेली. आता झोपेन.'

कुणीच नव्हतं तिथे. मी रिकाम्या खुर्चीला निरोप म्हटला. ते आठवलं की माझी जीभ मला कडू लागते.

कसं कळलं ते ऐक. एक नोव्हेंबरला गटातल्या बायका इथे येणार आहेत हे तुला ठाऊक आहे. कबरस्तानाशेजारच्या आवारात मायतेच्या वर्षश्राद्धाला सगळ्या जमायच्या आणि मी गायचं. मांडणी कशी करायची म्हणून कुणीतरी विचारलं, मायतेचे पंख कसे होते? तू आपली हौसेने लिहायला बसलीस. द्राक्षमांडवाची तार, त्यावर पट्टी गुंडाळलेली, बदकाची पिसं. 'डाव्या पंखाला पिसं कमी पडली, म्हणून शेवटची तीन ठिपक्यांच्या कोंबडीची लावली आणि ती बाजू भिंतीकडे केली. रात्र नव्हती, दुपार होती, मी अंगणात बसून शिवले.'

ती तीन पिसं जगात दोघींनी पाहिली आहेत. जिने शिवली तिने, आणि जिने आन्सेल्मोला उचलून शेवटचा मुका घेतला तिने.

आणि मूर्ख मी! पंख आई शिवत नाही, धर्माची आई शिवते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. 'मी शिवले' असं तू अगदी पहिल्या दिवशी लिहिलं होतंस. तेव्हाच पकडायला हवी होती. पण आम्ही म्हटलं, बंदरावरची एकटी बाई, कोण असणार तिला. अख्खी बाई खोटी उभी केलीस, आणि तिच्या हातात सुई मात्र स्वतःची दिलीस.

तुझा तो फोटोही प्रिसिलाने शोधून काढला. कोलंबियातली कुठलीशी केस कापणारी बाई आहे. तिला दोन मुलगे आहेत, दोघेही धडधाकट. वर्षभर तिच्या गालांकडे बघून मी म्हणायची, बघा, बिचारी किती खंगलीये.

एक नोव्हेंबरच्या आत गटात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर काही शिल्लक ठेवणार नाही.

एदुविना लिसाना


५ ऑक्टोबर

क्लोरिंदा,

तुझं उत्तर नाही. यास्ना मात्र जोरात आहे. काल तिने ग्लाडिसला तीन बदाम पाठवले, लाल.

ग्लाडिस कोण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुरिकोची पोर, सव्वीस वर्षांची, एप्रिलमध्ये तिचा पाच महिन्यांचा मुलगा गेला. रोज चार वाजता, बाळाची दुधाची वेळ असायची तेव्हा, ती यास्नाला लिहिते आणि यास्ना तिला लिहिते. आवाज कधी नाही. यास्नाचा घसा बसलेला असतो. वर्षभर घसा बसलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या कानाला तुझा आवाज लागला असता तर एका शब्दात ओळखलं असतं, म्हणून ना? एवढा विचार करून केलंस म्हणजे वेडाच्या भरात केलं असंही म्हणता येत नाही.

ग्लाडिसने मायतेच्या मांडणीसाठी लोकरीचं पांघरूण विणलंय. पिवळं. फोटो टाकलाय. ती म्हणते, स्वतःच्या मुलासाठी सुई हातात धरवत नव्हती, मायतेसाठी धरवली. तुझ्या घशाखाली घास कसा उतरतो गं?

प्रिसिला माझ्यावर भडकलीये.

"मावशी, एक बटण दाबायचं. काढून टाका तिला, आणि सगळ्यांना सांगा. वाट कसली बघताय?"

"तिनेच सांगू दे."

"तिने? जी बाई वर्षभर तुमच्या नाकाखाली सोंग करून बसली ती उद्या उठून सांगणार? आणि तुमचं गप्प राहणं लोकांना कळलं तर म्हणतील, बघा, कोमाद्रे-कोमाद्रे मिळून हे."

"ती माझी कोमाद्रे नाही."

"मग का सांभाळताय तिला?"

मी उठून एम्पानादाच्या कणकेत हात घातला. ती अजून विचारते, मी अजून कणीक मळते.

डॉन ओनोफ्रेंनाही सांगून टाकलं. त्यांच्या गितारोनचाही अपमान झालाय, त्यांना कळायला हवं. वाटलं होतं, म्हातारा शिव्या देईल. ते दाराशी बसून शेंगा सोलत होते. म्हणाले,

"मूल नव्हतं म्हणतेस?"

"नव्हतं, डॉन ओनोफ्रे. एक नखसुद्धा नव्हतं."

"पण तू तर बरं गायलीस. मला वाटलं, हिला समोर दिसतंय मूल."

ते पुढे म्हणाले, "दिसत होतंच ना तुला. पण दुसरंच." मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली, म्हणाले, बसलीच आहेस तर सोल.

त्या म्हाताऱ्याचाही मला राग आला. त्या शेंगांचाही. तू त्या दिवशी याच शेंगा सोलत होतीस. जानेवारीतला मंगळवार. आमची पाण्याची पाळी होती म्हणून मी वर पाटाच्या फळीकडे गेले, आन्सेल्मोला तुझ्या अंगणात सोडून. पाट तेव्हा कोरडा, पोरं त्यात उतरून खेळायची. आणि मग पाणी आलं. फळी उचलण्याआधी खाली हाक द्यायची, खालच्या घरांनी ओ द्यायची, मग पाणी सोडायचं, हे तुला कुणी शिकवायला नको होतं. तू ओ दिली नाहीस. तू रेडिओ लावून बसली होतीस. अख्ख्या वाडीसमोर तूच म्हणालीस.

असो. ते उकरायला मी लिहीत नाहीये. मी ग्लाडिसच्या पिवळ्या पांघरुणाबद्दल लिहितेय. सव्वीस दिवस उरलेत.

एदुविना


१६ ऑक्टोबर

तुझं पत्र आलं. टपाल आणणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने हातात दिलं आणि म्हणाला, "मासळीचा वास येतोय बाई, लिंबू पिळून वाचा." सगळी बस हसली. मीही हसले. मग घरी येऊन वाचलं.

तू अजून मला 'तुम्ही' लिहितेस. कोमाद्रे म्हणतेस. तोंड वर करून! तुझी वाक्यं इथे पुन्हा उतरवतेय, तुझ्याच डोळ्यांनी बघ कशी दिसतात ती.

'कोमाद्रे, आधी मी माझ्याच नावाने दार वाजवलं होतं. मागच्या ऑक्टोबरमध्ये. तुम्ही उघडलं नाहीत. मग दुसऱ्या बाईचं तोंड लावून आले, तर तुम्ही मला आत घेतलंत, जवळ बसवलंत. मायते कुणी नाही. पण मी रडले ते माझं होतं.'

हो, तुझं नाव आलं होतं. क्लोरिंदा आर्मिखो यांना गटात यायचं आहे, घ्यायचं का? मी 'नको' दाबलं. आणि पुन्हा दाबेन. तो गट आयांचा आहे. तू आई नाहीस.

हे लिहून मग मी बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकून आले. लिहिलंय ते खोडत नाही. वाईट लिहिलंय हे मला कळतं.

पुढचं तुझं: 'तुम्ही यास्नाला जे लिहिलंत ते मी एकोणीस वर्षं ऐकायची वाट बघत होते. पत्ता तिचा होता, पण वाचलं मीच.'

काय लिहिलं होतं मी, म्हणून फोनमध्ये मागे जाऊन पाहिलं. 'बाई गं, ऐकू न येणं हा काही गुन्हा नाही. तुझ्या लेकीचा तुझ्यावर राग नाही. यापुढे कुणी बोट दाखवलं तर त्याला माझ्याकडे पाठव, मी बघते त्याच्याकडे.' माझेच शब्द. दूध चोरून प्यायलेल्या मांजरीसारखी तू माझी दया चोरलीस. समोर आली असतीस तर दिली असती का, असं तू विचारशील. नसती दिली. पण म्हणून चोरायची? ते वाक्य मी यास्नाला दिलं होतं, तुला नाही. परत कर. कसं करणार ते तूच बघ.

आणि ते रेडिओचं काय मध्येच? 'मी किती वेळा आठवून बघते. त्या आठवड्यात रेडिओच्या बॅटऱ्या संपलेल्या होत्या असं मला पुन्हापुन्हा वाटतं. पण तुम्ही हाक दिलीत आणि मला ऐकू आली नाही, त्याअर्थी तो चालूच असणार. माझंच डोकं मला फसवत असेल.'

मला रेडिओचं काही सांगू नकोस. त्यात आता काय उरलंय? बॅटऱ्या होत्या की नव्हत्या, पोर परत येणार आहे का? पुन्हा ते लिहिलंस तर पत्र न फोडता चुलीत टाकेन.

गटात सांग. एवढंच मागतेय. नाव, तोंड, आणि तीन पिसं कुणाची होती ते.

ए.


२७ ऑक्टोबर

क्लोरिंदा,

व्हिडिओ टाकून सांगितलंस. मला वाटलं नव्हतं.

तुझा चेहरा किती वर्षांनी पाहिला. केस पांढरे झालेत, पुढचा एक दात गेलाय. मागे मासळीच्या पेट्या, आणि तू रबरी एप्रनमध्येच उभी. घसा अजिबात बसलेला नव्हता. 'मी क्लोरिंदा आर्मिखो. यास्ना नाही, मायते नाही. मला मूल झालंच नाही. माझ्या अंगणातून माझं धर्माचं मूल पाटात गेलं आणि त्याच्या आईने हाक दिली ती मला ऐकू आली नाही. त्याचे पंख मी शिवले. त्या आईजवळ बसायचं होतं म्हणून खोटं बोलले.' दोन मिनिटं. रडली नाहीस. मी ते तीनदा पाहिलं.

मग गट पेटला. तुला लगेच बाहेर काढलं म्हणून तू वाचलं नसशील. मी वाचलंय, आणि आता तुला सांगतेय, कारण एकटीने पोटात ठेववत नाही.

"थू! मेलेल्या लेकराचं सोंग! हिच्या हाताला किडे पडोत."

"आधी मूल घालवलं आणि आता त्याच्याच आईला लुबाडलं."

"ऐकू आलं नाही म्हणे. रेडिओवर नाचत असेल भवानी."

"डोन्या एदुविना, तुमचं काळीज केवढं मोठं! मी असते तर तेव्हाच हिला त्याच पाटात बुडवलं असतं."

आणि बदाम. लाल, पांढरे, निळे. माझ्या नावाने मेणबत्त्या. एका दुपारी एकशे चाळीस निरोप आले. एकीने माझा फोटो घेऊन त्याच्याभोवती सोनेरी चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'सोसणारी माता'. मी तो फोन उताणा पडलेल्या झुरळासारखा टेबलावर टाकला आणि हात धुतले. साबण लावून धुतले, क्लोरिंदा. प्रिसिला दारातून बघत होती.

"मावशी, तुम्हाला तर बरं वाटायला हवं. तुम्हाला पाहिजे तेच झालं ना?"

"हो गं, पाहिजे तेच झालं."

"मग चेहरा असा का?"

"मासळीचा वास येतोय," म्हटलं.

ग्लाडिस गट सोडून गेली. जाण्याआधी तिने मला फोन केला. आवाज कोरडा, शांत. म्हणाली, "मी तिला माझ्या बाळाच्या डोक्याचा वास कसा होता ते सांगितलं होतं. आईलासुद्धा नाही सांगितलं ते. आता ते तिच्याकडे आहे. ते मी परत कसं घेऊ?" याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? मग म्हणाली, "पण एक सांगू? चार वाजता ती रोज असायची. एकदासुद्धा चुकली नाही. आता मी चार वाजता काय करू, ते तरी सांगा." आणि ठेवला.

म्हणजे तुझी किळस मला आली ती खरीच होती. ती काही कमी झालेली नाही. त्या पोरीला तू जे केलंस त्याला माफी माझ्या हातात नाही, आणि असती तरी दिली नसती.

पण कालपासून मला दुसरीच एक किळस येतेय. डॉन ओनोफ्रे आले होते, शनिवारचं, एक तारखेचं, ठरवायला. बायका येणार आहेतच. मायते नाही तर नाही, आता त्यांना आन्सेल्मोसाठी जागर करायचाय. मी गायचं. म्हातारा ओट्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिवशी मी वरच्या रानात होतो," म्हणाला. "बकऱ्यांपाशी. फळीच्या वरच्या अंगाला."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं. जणू मला कळलंच नव्हतं.

"तू गाणं सोडलंस, तेव्हाही मी विचारलं नाही, पोरी. आताही विचारत नाही. फक्त शनिवारी आन्सेल्मोच्या तोंडून गाणार असशील, तर तो काय म्हणेल ते नीट ऐकून घे आधी." मग त्याने माते मागितला, दोन घोट घेतले, आणि गेला.

पुढचं पत्र नीट लिहीन. आज हात चालत नाही.

एदुविना


३० ऑक्टोबर

कोमाद्रे,

हे पत्र प्रिसिला स्वतः घेऊन येईल, उद्या सकाळच्या गाडीने मेलिपियाला आणि तिथून तुमच्याकडे. टपालावर सोडवत नाही. तिला मी यात काय आहे ते सांगितलेलं नाही. तुम्ही वाचून झाल्यावर तिला वाचायला दिलंत तरी चालेल.

त्या आठवड्यात डॉन ओनोफ्रेंनी मला पहिल्यांदा गाणाऱ्यांच्या वर्तुळात बसायला बोलावलं होतं. आठवतं? तुम्हीच मला त्यासाठी निळा झगा उसवून सैल करून दिला होतात. मी कडवं बांधत होते. नऊ ओळी झाल्या होत्या, दहावी काही केल्या बसत नव्हती. तीन दिवस ती डोक्यात घेऊन फिरत होते. आन्सेल्मोला तुमच्याकडे सोडताना तुम्ही मला म्हणालात, "कोमाद्रे, त्याला टोपी घातली नाहीत," आणि मी त्या ओळीच्या नादात म्हटलं, "हो, हो." तुम्ही हसलात. तुमच्या मांडीवर शेंगांचं सुपडं होतं.

फळीपाशी पोचले आणि ती ओळ आली. तोंडात आली, कोमाद्रे, अगदी जिभेवर. हाक मारायला तोंड उघडलं असतं तर ती गेली असती. मला माहीत होतं, जाते ती तशी. म्हणून मी ती गुणगुणत राहिले आणि फळी उचलली. पाणी खाली जाताना पाहिलं. चांगलं जोरात गेलं. मी काठावर बसून ओळ चार-पाच वेळा म्हटली, पक्की होईपर्यंत. मग तुमची किंकाळी ऐकू आली. तुमच्या अंगणातली किंकाळी मला फळीपाशी अगदी स्पष्ट ऐकू आली.

लोक जमले तेव्हा पाटकरी मला विचारत होता, "हाक दिली होतीस ना, एदुविना?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही चिखलात बसल्या जागेवरून ओरडलात, "दिली असेल हो, ती कधी चुकत नाही! मलाच ऐकू आली नाही! रेडिओ असेल!" मी तुमच्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. एवढंच केलं मी. एक शब्दसुद्धा बोलले नाही, नुसती मान हलवली, आणि एकोणीस वर्षं ती तशीच हलवतेय. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात बसून पंख शिवत होतात आणि मी खिडकीतून बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्हाला गाव सोडावं लागलं तेव्हा सांगता आलं असतं. तुमचं नाव फोनवर आलं तेव्हा 'नको' दाबलं, ते तुमचा राग होता म्हणून नाही. तुम्ही आत आला असतात तर एक दिवस मला विचारलं असतंत.

यास्ना वर्षभर होती. तिचा फोटो तरी दुसऱ्या बाईचा होता. 'सोसणारी माता' म्हणून ज्या बाईभोवती सोनेरी चौकट काढलीये तिचा चेहरा माझाच आहे. त्याची मला इतकी शिसारी आलीये की आरशाकडे बघून केस विंचरवत नाहीत.

शनिवारी आवारात बायका जमतील. मी आन्सेल्मोच्या तोंडून गाणार नाही, मला तो हक्क नाही. मी माझ्याच तोंडाने सांगणार आहे. कुणी थुंकेल, कुणी उठून जाईल, गट बहुतेक मोडेल. ग्लाडिसलाही कळवेन. तुम्ही या किंवा येऊ नका. आलात तर पुढे उभ्या राहा, मागे दडू नका. त्या बायकांनी तुम्हाला जे जे म्हटलं ते त्यांनी ज्याच्या-त्याच्या पत्त्यावर पोचवावं, म्हणून मला तुम्ही तिथे हव्या आहात. ग्लाडिसचं तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागेल, त्यात मी तुमची बाजू घेणार नाही.

माफी मागत नाही. 'गुन्हा नाही' हे तुमचं वाक्य तुम्ही चोरून का होईना मिळवलंत. मला ते कुठल्याही नावाने मिळू नये.

पण त्यांच्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि आज सांगते. तुमचं डोकं तुम्हाला फसवत नव्हतं. त्या दिवशी रेडिओ बंद होता, कोमाद्रे. तुमचे कान चांगले होते. मी हाक मारलीच नव्हती.

एदुविना